कताकानाची वही पाठवण्याआधी

हिरागाना आणि कताकाना या जपानीच्या दोन अक्षरमाला. हिरागानाची वही आमच्याकडून लगेच तपासून मिळते, मग कताकानाला एवढा उशीर का, असं बरेच जण विचारतात. उशीर होतो तो शि (シ), त्सु (ツ), सो (ソ) आणि न (ン) या चार अक्षरांपायी.

पुस्तकातला आकार नुसता बघून उतरवला की शिची त्सु होते आणि नचा सो. शिच्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक, डाव्या कडेला येतात आणि लांब रेघ खालून उजवीकडे वर जाते. त्सुच्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी असतात आणि लांब रेघ वरून डावीकडे खाली उतरते. ‘न’ शिसारखा, ‘सो’ त्सुसारखा, फक्त छोटी रेघ एकेकच. गोंधळ झाला तर हिरागाना आठवा: त्यातली शि (し) डावीकडून सरळ खाली येते, त्सु (つ) वरून आडवी जाते. कताकानाच्या छोट्या रेघा त्याच कडेला लागतात.

सरावाला शात्सु (शर्ट) आणि पासोकोन (कम्प्युटर) हे शब्द घ्या, दोन्हींत एकेक जोडी आहे. परीक्षेत तर फक्त पर्याय निवडायचे असतात, हे खरं. पण जपानी अर्जात नावाचा उच्चार बहुतेकदा कताकानात लिहावा लागतो, आणि तिथे ‘न’ हे अक्षर चुकलं की सचिनचा ‘साचिसो’ होतो.

जेल पेननं लिहिलेली वही आम्ही परत पाठवतो, त्याचा राग मानू नका. पेनची रेघ सगळीकडे सारखीच जाड, ती कुठून सुरू झाली हे आम्हाला कळत नाही. पेन्सिलीची रेघ शेवटी निमुळती होते. जपानी प्राथमिक शाळांतही मुलांना बी किंवा टू-बी पेन्सिलच वापरायला सांगतात.

‘पुस्तकात कि (き) खालच्या वाटीला जोडलेलाच आहे, मग लाल खूण का?’ हा हिरागानाबद्दलचा नेहमीचा प्रश्न. छापील वळणात तो जोडलेला दिसतो. हाताने लिहिताना कि चार रेघांत आणि सा (さ) तीन रेघांत, खालची वाटी सुटी ठेवून लिहायचा.

चार रेघी वहीत छोट्या रेघांची जागा ठरत नाही. आमच्या चौकटीच्या वहीत प्रत्येक घराला तुटक रेघांची फुली आहे, तिने घराचे चार पाव होतात. शात्सु (シャツ) लिहिताना शिनंतर येणारा छोटा ‘या’ (ャ) आडव्या लिखाणात डावीकडच्या खालच्या पावात बसवा.

पूर्ण वही भरण्याआधी या चार अक्षरांची एकेक ओळ लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तेवढं तपासायचे आम्ही पैसे घेत नाही.