चकाकी दिलेला ॲमोनाइट

नामशेष झालेल्या ॲमोनाइट या सागरी प्राण्याचे अश्मीभूत कवच कापून, घासून आणि पॉलिश करून संग्रहासाठी तयार केलेला नमुना. बाजारात तो अखंड चक्राच्या किंवा मधोमध चिरलेल्या जोडीच्या रूपात मिळतो.

ॲमोनाइट हे म्हाकूळ व ऑक्टोपस यांच्या शीर्षपाद वर्गातले. त्यांचा गट सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात उदयाला आला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियसच्या अखेरीस संपला. कवच आतून पडद्यांनी कप्प्यांत विभागलेले असे. प्राणी राहायचा तो फक्त सर्वांत बाहेरच्या कप्प्यात. वाढ होईल तसा तो पुढे सरके आणि मागे पडदा घालून जागा बंद करी. मागच्या कप्प्यांतून एक बारीक नळी जाई. तिच्या साहाय्याने कप्प्यांतले पाणी काढून घेऊन तो तरंगण्याची क्षमता राखत असे. मेल्यावर राहता कप्पा चिखलाने भरला, मागच्या बंद कप्प्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून कॅल्साइट या खनिजाचे स्फटिक वाढले. चिरलेल्या नगात मधासारखे पिवळसर-तपकिरी कप्पे दिसतात ते या कॅल्साइटचे. कधी एखादा कप्पा पुरता भरलेला नसतो आणि आत स्फटिकांची टोके चमकतात. जाणकार असा नग आधी उचलतात.

पुणे बेसाल्टवर वसलेले आहे आणि थिजलेल्या लाव्हात समुद्री कवचे मिळत नाहीत. वेताळ टेकडीवर ॲमोनाइट सापडला असे कोणी सांगितले, तर तो कोणाच्या तरी पिशवीतून पडलेला असणार. दख्खनच्या लाव्हाचे मोठे उद्रेक ॲमोनाइट संपले त्याच सुमाराचे आहेत. त्या संहारात त्यांचा वाटा किती आणि मेक्सिकोत चिक्सुलूब येथे आदळलेल्या अशनीचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतली कॅव्हनसाइट आणि स्टिल्बाइट ही खनिजे जगभरच्या संग्राहकांना हवी असतात, पण इथल्या संग्राहकाला ॲमोनाइट बाहेरूनच आणावा लागतो.

एका रूपात मात्र तो पुण्याच्या देव्हाऱ्यांत फार पूर्वीपासून आहे. तुळशीच्या लग्नात मांडला जाणारा शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकी नदीतला काळा गोटा असतो आणि त्यावरचे ‘चक्र’ बहुधा ॲमोनाइटचा ठसा असते. त्याचा गुळगुळीतपणा नदीने दिलेला. त्याला यंत्रावर धरत नाहीत.

चकाकीदार नगांपैकी पुष्कळसे मादागास्करच्या वायव्येकडील, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या क्लिओनिसेरास प्रजातीचे असतात. भारतात कच्छचे ज्युरासिक थर प्रसिद्ध आहेत. तेथील ॲमोनाइटांचे वर्णन विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले. तमिळनाडूतील अरियालूरचे नमुने क्रिटेशियस काळातले आहेत. कॅनडातील अल्बर्टामध्ये कवचाच्या मूळ खनिजाचा, म्हणजे ॲरागोनाइटचा, रंगीत थर टिकलेले कवच मिळते. त्याला ॲमोलाइट म्हणतात आणि १९८१ पासून त्याची गणना रत्नांत होते.

कापताना हिऱ्याच्या चक्रावर पाणी सोडत कवच मध्यरेषेवर चिरतात. धार थोडी जरी सरकली तरी केंद्रातले अगदी लहान, सुरुवातीचे कप्पे हातचे जातात. मग सिलिकॉन कार्बाइडच्या क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पुडींवर घासून शेवटी नमद्यावर सिरियम ऑक्साइड किंवा कथिलाच्या ऑक्साइडने चमक आणतात. अखंड नगावरचा बाहेरचा थर घासून काढला, की पडदे कवचाला जिथे जुळतात तिथल्या नेच्याच्या पानासारख्या दातेरी संधिरेषा उघड्या पडतात. त्या सुंदर दिसतात खऱ्या, पण कवचावरच्या बरगड्या आणि गाठी त्यासाठी झिजवल्या जातात आणि प्रजाती ओळखायला त्या लागतात. म्हणून अभ्यासकाच्या लेखी स्थळ व थर लिहिलेला साधा, खडबडीत नमुना अधिक मोलाचा. बिनचिठ्ठीचा चकचकीत नग ही शोभेची वस्तू, आणि किंमत ठरवताना हे लक्षात ठेवलेले बरे.

कॅल्साइटची कठिणता मोह्स मापनश्रेणीवर दहापैकी ३ आहे, त्यामुळे धूळ पुसतानाही ओरखडे उठतात. देवाच्या तांब्या-पितळेबरोबर चिंच किंवा लिंबाने घासला तर आम्लाने पॉलिश उतरते. ज्यांचे पायराइट, म्हणजे लोह व गंधकाचे खनिज, झालेले आहे अशा नगांना पुण्याचा पावसाळा सोसत नाही: ओलाव्याने पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते, पांढरट-पिवळी भुकटी सुटते आणि नग आतून फुटतो. ते सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावेत.

दगडावर कोरलेली वेटोळी आणि रेझिनचे साचे सर्रास ॲमोनाइट म्हणून खपवले जातात. भिंगातून रेझिनमधले गोल बुडबुडे दिसतात. कोरीव नगात संधिरेषा नसतात. काही नगांत तुटलेला भाग लुकणाने भरून वर रंग दिलेला असतो, तिथे पडदे अचानक थांबतात. चिरलेल्या जोडीत दोन्ही भाग एकमेकांचे प्रतिबिंब असायला हवेत. कप्पे जुळत नसतील, तर ती दोन वेगळ्या कवचांची जोडी समजावी.