सामायिक बिम मॉडेल : पुढील दिशा

इमारतीचा आकार आणि तिच्या प्रत्येक भागाची माहिती (माप, साहित्य, आगीला टिकण्याची क्षमता, किंमत, बसवण्याची तारीख) एकत्र ठेवणाऱ्या संगणकीय मॉडेलला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल’, थोडक्यात बिम म्हणतात. साइटवरचा ‘बीम’ म्हणजे तुळई, तिचा याच्याशी संबंध नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा आग्रह बांधकामात क्वचितच धरावा लागतो. वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंग-वातानुकूलनाचे सल्लागार, कंत्राटदार आणि मालक अशा सगळ्यांनी मिळून वापरलेले मॉडेल ते सामायिक मॉडेल.

कल्पना जुनी आहे. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत अशी व्यवस्था मांडली, की एका ठिकाणी बदल केला तर त्यावरून निघणारी सगळी ड्रॉइंग बदलावीत. मात्र ‘सामायिक’ हा शब्द थोडा फसवा आहे. मार्क ब्यू आणि मर्विन रिचर्ड्स यांनी २००८ मध्ये ब्रिटनमध्ये बिमच्या प्रगतीची शिडी आखली. तिच्या वरच्या पायरीवर सगळे जण एकाच मॉडेलमध्ये काम करतात. ब्रिटिश सरकारने २०११ च्या धोरणात सरकारी प्रकल्पांना २०१६ पर्यंतची मुदत दिली, ती त्याखालच्या पायरीसाठी. त्या पायरीवर ज्याचे मॉडेल त्याच्याकडेच राहते, आणि ठरावीक काळाने सगळी एकमेकांवर ठेवून पाहतात. व्यवहारात बहुतेक प्रकल्प अजून इथेच आहेत, आणि त्याला केवळ सॉफ्टवेअर जबाबदार नाही.

मॉडेल एकमेकांवर ठेवली की ‘क्लॅश’, म्हणजे एकाच जागी आलेले दोन घटक, सापडतात. सांडपाण्याचा पाइप तुळईतून आरपार गेलेला पडद्यावर लाल दिसतो. काँक्रीट भरण्याआधी तो दिसला, तर पाइप वळवता येतो किंवा इंजिनिअरच्या संमतीने स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी मोकळी नळी) टाकून ठेवता येते. नंतर दिसला, तर कोअर कटिंग (यंत्राने काँक्रीटला भोक पाडणे) आणि सळई तुटण्याची भीती.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधली मॉडेल जुळावीत म्हणून ‘आयएफसी’ हा खुला फॉरमॅट आहे. २०१३ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ १६७३९) झाला. २०२४ च्या आवृत्तीत रस्ते, रेल्वे, पूल आणि बंदरेही आली. नेहमीची आयएफसी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. माहितीच्या प्रत्येक ओळीला हॅश चिन्ह आणि क्रमांक असतो, पुढे घटकाचा प्रकार. भिंत असेल तर तिची २२ अक्षरांची स्वतंत्र ओळखही. घोळ इथेच होतो. कुणी भिंत सरकवण्याऐवजी पुसून पुन्हा काढली, की तिला नवी ओळख मिळते. जुन्या ओळखीला जोडलेले शेरे, दर आणि वेळापत्रक निराधार होतात.

पुढची वाटचाल म्हणूनच फाइलकडून घटकाकडे आहे. आख्खी फाइल पाठवण्याऐवजी बदललेला दरवाजा तेवढा पाठवायचा. ‘आयएफसी ५’ची प्रायोगिक आखणी याच दिशेची आहे: माहिती थरांमध्ये ठेवायची, आणि दुसऱ्याच्या मूळ थराला हात न लावता आपला थर वर चढवायचा. सोबत ‘आयडीएस’ हे २०२४ मध्ये मंजूर झालेले मानक आहे. ‘प्रत्येक दरवाजावर अग्निरोधक क्षमता लिहिलेली हवी’ अशी मागणी त्यात संगणकाला तपासता येईल अशा रीतीने लिहितात. सिंगापूरने २०२३ च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘कोरनेट एक्स’ या ऑनलाइन बांधकाम-परवानगी व्यवस्थेत परवानगीसाठी समन्वय साधलेले बिम मॉडेलच सादर करायचे असते. मॉडेल हा सरकारदरबारचा कागद ठरू लागला, ही यातली मोठी घडामोड म्हणावी लागेल.

अवघड गाठ आहे जबाबदारीची. चूक कुणाची, हे ठरवता आले नाही तर आपले मॉडेल दुसऱ्याला बदलू द्यायला कुणी धजावत नाही. आयएसओ १९६५० या २०१८ च्या मानकाने त्यासाठी माहितीच्या चार अवस्था ठरवल्या: काम चालू, सामायिक, प्रकाशित आणि संग्रहित. तपासणी झाल्याखेरीज पुढच्या कप्प्यात प्रवेश नाही. घटकाघटकाने देवाणघेवाण होऊ लागली, की हीच शिस्त प्रत्येक दरवाजाला लावावी लागेल, आणि त्यासाठी करारांची भाषा अजून तयार नाही.

महाराष्ट्रात महामेट्रोने नागपूर मेट्रोसाठी ‘फाइव्ह-डी’ बिम वापरले. त्यात त्रिमितीला वेळ आणि खर्च जोडलेले असतात. बांधकाम संपल्यावरचा टप्पा सगळीकडेच कच्चा आहे. ‘डिजिटल ट्विन’ म्हणजे सेन्सरना जोडलेले जिवंत मॉडेल. पण दहा वर्षांनी तळघरातला पंप बदलला, की ती नोंद मॉडेलमध्ये करणारा माणूस देखभाल विभागाच्या पगारपत्रकावर असावा लागतो.