पॅप की एचपीव्ही? नमुना एकाच जागेचा, तपासण्या दोन

‘पिशवीच्या तोंडाची तपासणी झालीय,’ असं बाईंनी सांगितलं की आधी विचारावं: पॅप की एचपीव्ही? दोन्ही गर्भाशयमुखाच्या (पिशवीच्या तोंडाच्या) कॅन्सरचा धोका वेळेत ओळखण्यासाठी. पॅप पेशी तपासते, एचपीव्ही तपासणी या कॅन्सरला कारण ठरणारा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस शोधते. फाइलमध्ये दोन्ही सर्रास ‘स्मिअर’ म्हणून नोंदल्या जातात आणि पुढची तारीख चुकते. पॅप ३ वर्षांनी पुन्हा करायची. एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर ५ वर्षं थांबता येतं.

पॅपमध्ये बिघडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात, म्हणून सगळी भिस्त नमुन्यावर. स्पॅट्युलाचं (पेशी खरवडायच्या चपट्या काडीचं) लांब टोक गर्भाशयमुखाच्या छिद्रात ठेवून पूर्ण ३६० अंश फिरवायचं, काचेवर पातळ थर द्यायचा आणि काच तत्क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. आधी लेबल शोधत बसलात तर पेशी वाळतात, केंद्रकं फुगलेली दिसतात आणि स्लाइड वाया जाते. पाळीच्या दिवसांत नमुना नको. आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध नको, संबंधही नको.

एचपीव्ही तपासणी पेशींकडे बघतच नाही, विषाणूचा डीएनए शोधते. त्यामुळे पेशी बिघडण्याआधीच धोका कळतो आणि योनीतला नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न केलेल्या गटात ६४. पॅपच्या गटात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

मात्र तिशीच्या आत एचपीव्ही नको: त्या वयातला संसर्ग बहुधा आपोआप जातो आणि उगाच घबराट होते. विषाणूचा प्रकार १६ किंवा १८ (कॅन्सरचा धोका सर्वात जास्त असलेले) आढळला तर थेट कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी. इतर प्रकार असतील तर आधी पॅप. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो, तेव्हा घरात कोणी कोणावर संशय घेऊ नये. हे रिपोर्ट हातात देतानाच सांगावं, नंतर फार उशीर होतो.

दोन्ही तपासण्या त्रास नसलेल्या बाईसाठी आहेत. अंडाशयाचा कॅन्सर दोन्हींत कळत नाही. पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं तर सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी बघायची. ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर अस्तराची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी). आणि गर्भाशयमुखावर गाठ किंवा व्रण डोळ्यांना दिसत असेल तर पॅप करत बसूच नये. स्लाइडवर नुसतं रक्त आणि मेलेल्या पेशी येतात, रिपोर्ट ‘नॉर्मल’ निघू शकतो. तिथे थेट बायोप्सी.