कंपनीचा रिपेंट की हाताने रंगवलेला? रंग नको, सांधा बघा

गॉडझिलाची, म्हणजे जपानी सिनेमातल्या त्या महाकाय राक्षसाची, फिगर (जमवायची प्लास्टिकची छोटी मूर्ती) दाखवत कुणी ‘रिपेंट आहे’ म्हणालं की मी आधी विचारतो, कुणाचा? या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि दरवेळी नव्याने जमवायला लागलेल्या पोराचे पैसे जातात.

कंपनीचा रिपेंट म्हणजे कंपनीनेच जुनी फिगर नव्या रंगात काढलेली. साचा जुना, रंग नवा, खोका वेगळा. दुसरा प्रकार म्हणजे तयार फिगर घेऊन कुणीतरी घरी ब्रशने किंवा एअरब्रशने पुन्हा रंगवलेली.

नुसत्या रंगावरून यातलं काही ठरत नाही. १९५४ चा पहिला सिनेमा कृष्णधवल होता, त्यातला पोशाख कोळशासारखा करडा. पुढे पोस्टरांनी आणि खेळण्यांनी त्याला हिरवं केलं. १९९५ च्या सिनेमात तोच नारिंगी पेटलेला दिसतो. म्हणजे कंपनीच्या मालातही सगळे रंग सापडतात. खोक्यावरही विसंबू नका, खोका कुठलाही असू शकतो.

बघायचा तो सांधा. कारखान्यात हात, पाय, शेपटीचे तुकडे सहसा सुटे असतानाच रंगतात, बरेचदा प्लास्टिकच त्या रंगाचं असतं, आणि जोडणी नंतर होते. त्यामुळे गुडघा पूर्ण वाकवला तरी आत तोच किंवा त्याला जुळणारा रंग दिसतो. घरी रंगवणाऱ्याच्या हातात जोडलेली फिगर असते. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवताना ब्रश मुळाशी, केसांच्या कडेला येऊन थांबतो ना, तसंच इथे होतं. गुडघा वाकवा, शेपटीचा एकेक मणका वळवा, मोबाइलचा टॉर्च मारा. आत जुना रंग चंद्रकोरीसारखा उघडा पडला असेल, तर तो हाताने रंगवलेला. कडेला रंगाची पापडी उठलेली असेल, तर शंकाच नको.

मुरलेला कारागीर मात्र गरम पाण्यात सांधे सैल करून तुकडे सुटे करतो आणि आतूनही रंगवतो. तिथे सांधा फसवतो. मग डोळे बघा. कारखान्यात बुबुळं बहुधा छापलेली असतात, म्हणून त्याच मॉडेलच्या चार नगांचे फोटो शेजारी ठेवले की चारही ठिकाणी कड सारखी येते. हाताने काढलेले दोन डोळे एकमेकांशीसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय तळपायावरची उठावाची अक्षरं बघा. हाताने जाड थर दिला की ती बुजतात.

तिसरी खूण आमच्या परभणीच्या उन्हाळ्यानेच मला शिकवली. ‘कंपनीचा दुर्मीळ रंग’ म्हणून घेतलेली एक फिगर मे महिन्यात कपाटात वर्तमानपत्रावर उभी होती. उचलली तर कागद पायासोबत वर आला आणि सोलून काढल्यावर बातमीची उलटी अक्षरं तळव्यावर उमटलेली. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये लवचिकपणासाठी तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि वरून मारलेला ऑइलपेंट किंवा स्प्रे वर्षानुवर्षं चिकट ठेवतं. विकणाऱ्याने रंग कुणाचा ते लपवलं होतं. राग मला चिकटपणाचा आला नाही, त्या लपवण्याचा आला.

आणि कृपा करून नेलपॉलिश रिमूव्हरने ‘चाचणी’ करू नका. जो तो हाच सल्ला देतो. ॲसिटोन कंपनीचा रंगही काढतं आणि एबीएस प्लास्टिक विरघळवतं. सिद्ध काहीच होत नाही, फिगर मात्र जाते.

हाताने रंगवलेलं म्हणजे हलकं, हेही मला अजिबात पटत नाही. पाठीवरच्या पात्यांना मुळाशी काळपट, टोकाकडे हाडासारखं पांढुरकं करत नेणं हे मन लावून केलेलं काम असतं, आणि माझी पसंती त्यालाच. फक्त वरून चकचकीत वार्निश नको, त्याने कातडीच्या सगळ्या सुरकुत्या मरतात. किंमत ठरवताना मात्र मूळ फिगर वेगळी धरा, कारागिरी वेगळी. दुर्मीळ आवृत्तीचा भाव तिला लागू होत नाही.

मागवण्याआधी गुडघा वाकवून मागून काढलेला फोटो मागा. माझ्याकडच्या सगळ्यात आवडत्या फिगरच्या गुडघ्यात करडी चंद्रकोर स्पष्ट दिसते. रंगवणाऱ्याने तो फोटो मी न मागता पाठवला होता, रंग कोणता वापरला तेही लिहून.