चंद्रावरचं छापील घर: इन्स्पायर-मानकचा अर्ज कसा भरायचा

शाळकरी मुलांच्या नव्या वैज्ञानिक कल्पनांसाठी असलेल्या, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली की मॉडेल बनवायला 10,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. फी नाही. सहावी ते दहावीची मुलं बसतात. अकरावी-बारावीसाठी चालू वर्षाची सूचना बघावी. मुलाला स्वतः अर्ज करता येत नाही, नामांकन मुख्याध्यापक करतात. एका शाळेतून पाचपर्यंत कल्पना जातात.

शाळेची ई-मियास पोर्टलवर (या योजनेच्या अर्जाच्या संकेतस्थळावर) नोंदणी नसेल तर तेच पहिलं काम. ती जिल्हा पातळीवरून पुढे सरकल्याशिवाय लॉगिन मिळत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मुलाची माहिती, आधार क्रमांक, फोटो, पासबुक आणि कल्पनेचा थोडक्यात आराखडा जवळ ठेवा.

खरा घोळ पासबुकात होतो. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, की पैसे अडकलेच. पासबुकावर विदर्भ कोकण ग्रामीण बँक छापलं असेल तर ती 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आहे. आजचा आयएफएससी (शाखेचा कोड) शाखेतून लिहून आणा, जुना उतरवू नका.

आता कल्पना. ‘चंद्रावर थ्रीडी प्रिंटरने घर’ एवढंच लिहिलं तर त्यात नवं काही नाही. युरोपीय अवकाश संस्थेने 2013 मध्येच नकली चांद्रमातीचा दीड टनी ठोकळा छापून दाखवला. एकच अडचण धरा आणि तिच्यावरचा तुमचा उपाय लिहा. उदाहरणार्थ, चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पाणी घालून मळलेला गारा तिथे टिकणार नाही, पाणी उकळून उडून जाईल. मग कण कशाने धरायचे? किंवा भिंत किती जाड हवी? चंद्रयान-3 च्या चास्ते या मातीचं तापमान मोजणाऱ्या उपकरणाला पृष्ठभागाशी सुमारे 70 अंश आणि 8 सेंटिमीटर खाली उणे 10 अंश सेल्सिअस तापमान सापडलं. मातीचा थोडासा थरही किती ताप अडवतो, हे या आकड्यांतच आहे.

प्रयोगाला शेतातली काळी माती घेऊ नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि छापलेले थर सुटतात. पश्चिम विदर्भात गिट्टी खदानीवर काळ्या दगडाची चुरी मिळते, ती घ्या. चंद्रावरच्या काळ्या डागांचा खडक याच जातीचा, बेसाल्ट. चंद्रयान-3 उतरलं तिथली माती मात्र वेगळी, अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट खडकाच्या जातीची. आराखड्यात हा फरक लिहा. लोणारचा दगड उचलायचा नाही, ते अभयारण्य आहे.

प्रिंटर नसला तरी अडत नाही. मोठ्या सिरिंजचं टोक 5 मिलिमीटर रुंद कापा आणि चुरी 1 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. कण तोंडाच्या पाचव्या भागापेक्षा जाड राहिले की तोंड तुंबतं, आणि जोर लावला की मागचा दट्ट्या निसटतो. नमुन्यापुरती चुरी चुन्यात आणि थोड्या पाण्यात मळली तर चालते, पण चंद्रावर हे जमणार नाही असं स्पष्ट लिहा. खालचा थर बोटाला चिकटेनासा झाला की वरचा द्या. घाई केली तर भिंत पोटात फुगून बसते, फार वेळ गेला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

निवड झाल्यावर मॉडेल जिल्हा प्रदर्शनात न्यावं लागतं. भिंत पुरती वाळवून, भुशाच्या खोक्यात उभी ठेवूनच एसटीत चढवा.