केळीची मर आणि ग्वाटेमालाचं सरकार

परवा कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटला केळी घ्यायला थांबलो तर मावशींनी विचारलं, "जवारी देऊ का मोठी?" जवारी म्हणजे गावठी, आणि मोठी म्हणजे जी-नाईन, कॅव्हेंडिश गटातली, जळगावपासून पार अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत याच गटातली केळी चालतात. एक आडवं कापून बघा, मधे बारीक काळे ठिपके दिसतील, ते कधीच न वाढलेल्या बियांचे अवशेष. या झाडाला लावता येईल असं बीच नाही. बुडातनं मुनवे निघतात ते काढून दुसरीकडं लावायचे, नाहीतर लॅबमधे टिश्यू कल्चरनं रोपं करायची. म्हणजे लाखो झाडं एकाच झाडाच्या कॉप्या, आणि एकाला जो रोग झेपत नाही तो मग कुणालाच झेपत नाही.

एवढी गोष्ट डोक्यात ठेवून मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशांचा इतिहास वाचला की तो एकदम वेगळा दिसायला लागतो. मला हे शाळेत कुणीतरी सांगायला पाहिजे होतं असं फार वाटतं.

1899 मधे अमेरिकेत युनायटेड फ्रूट नावाची कंपनी झाली. तिच्या मालकांपैकी मायनर कीथ आधी कोस्टारिकात रेल्वे बांधत होता, त्या कामाच्या बदल्यात 1884 च्या करारात सरकारनं त्याला 8 लाख एकर जमीन देऊन टाकली, आणि रूळाच्या कडेनं त्यानं केळी लावली. होंडुरासमधे पण तसंच, रेल्वे बांधतो म्हणून कंपन्यांनी जमिनी घेतल्या, रूळ मात्र मळ्यापासनं बंदरापर्यंतच टाकले आणि राजधानी तेगुसिगाल्पाला रेल्वे कधी पोचलीच नाही.

रेल्वे, बंदर, जहाज सगळं एकाच्याच हातात का गेलं? याचं उत्तर फळातच आहे. केळं हिरवं असताना तोडतात आणि जहाजात 13-14 डिग्रीला ठेवतात, त्याखाली गेलं तर साल काळी पडते, वर गेलं तर पिकायला लागतं, आणि एक घड पिकला की त्यातनं इथिलीन वायू सुटतो आणि शेजारचे घडपण पिकतात. म्हणजे तोडल्यापासनं घड्याळ सुरू. ज्याच्याकडं थंड जहाज आहे तोच भाव ठरवणार, आणि छोट्या शेतकऱ्याचा माल त्यानं नाकारला तर तो रूळाच्या कडेलाच कुजणार.

हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मामाचा ऊस एकदा तोडून ट्रॉलीत भरलेला आणि कारखान्याच्या यार्डात दीड दिवस नंबरात उभा, मामा ट्रॅक्टरवरच झोपलेला. तोडल्यावर उसातली साखर फुटायला लागते, वजन वाळतं, रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा पडतो. पण मामाला निदान गुऱ्हाळाला ऊस घालायचा एक रस्ता होता, शाहूपुरीत गुळाची पेठ 1895 पासनं आहे, शिवाय कारखाना सहकारी, मामाचा त्यात शेअर आहे आणि सभेत उठून बोलता येतं. होंडुरासच्या शेतकऱ्याला यातलं काहीच नव्हतं.

आता मर रोगाकडं येतो. त्या काळात सगळीकडं ग्रो मिशेल नावाची एकच जात लावायचे, जाड सालीची, प्रवासात न दबणारी. तिला फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर लागली, पनामा रोग म्हणतात तो. बुरशी मुळातनं आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि भर पाण्यातलं झाड तहानेनं पिवळं पडून मरतं. फवारणीचा काही उपयोग होत नाही, आणि जमिनीत ती कित्येक दशकं राहते त्यामुळं परत तिथं तीच जात लावता येत नाही. मग कंपनीनं सोपा मार्ग काढला, मेलेला मळा सोडायचा, रूळ उखडायचे, गावं मागं टाकायची आणि नव्या रानात जायचं, आणि त्यासाठी हजारो एकर जमीन आधीच घेऊन पडीक ठेवायची.

ग्वाटेमालात ही कंपनी सगळ्यात मोठी जमीनदार होती आणि तिची साधारण 85 टक्के जमीन पडीक होती. अटलांटिकवरचं बंदरही तिच्याच ताब्यात. 1952 मधे राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी कायदा केला की मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भरपाई देऊन भूमिहीनांना वाटायची. भरपाई किती, तर मालकानं टॅक्ससाठी स्वतःच जेवढी किंमत लिहून दिलीय तेवढी. कंपनीनं वर्षानुवर्षं कमी किंमत दाखवलेली, त्यामुळं भरपाई बसली 6 लाख 27 हजार डॉलर, आणि अमेरिकन सरकारनं कंपनीच्या वतीनं मागितले 1 कोटी 58 लाख! मला यात आर्बेन्स यांचं काहीच चुकलं असं वाटत नाही. पण अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि तिथल्या सीआयए या गुप्तहेर संस्थेचे प्रमुख अ‍ॅलन डलेस हे सख्खे भाऊ, दोघंही ज्या वकिली फर्ममधले तिनं याच कंपनीचं काम केलेलं. कम्युनिस्टांची भीती हे कारणही होतंच. जून 1954 मधे सीआयएनं ते सरकार पाडलं, नव्या सरकारनं वाटलेल्या जमिनी परत काढून घेतल्या, आणि 1960 ते 1996 असं जे यादवी युद्ध चाललं त्यात अंदाजे 2 लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक माया आदिवासी.

एवढं करून ग्रो मिशेल काही वाचली नाही. 1960 च्या दशकात कंपन्यांनी मर न लागणारी कॅव्हेंडिश लावली, पण परत एकच जात सगळीकडं. आता तिलाही मर लागलीय, बुरशीचा टीआर-4 नावाचा नवा प्रकार, 2019 मधे तो कोलंबियात सापडला तेव्हा सरकारनं आणीबाणी जाहीर केली. बुटाला चिकटलेल्या मातीतनंसुद्धा पसरतो म्हणून तिकडं मळ्यात शिरताना पाय औषधात बुडवायला लावतात. आपल्याकडं बिहार-यूपीत सापडलाय.

मामा यंदा उसाच्या जागी एकरभर जी-नाईन करायचं म्हणतोय. रोपं कुठनं आणणार, हे मी त्याला दोनदा फोन करून विचारलंय.