वन्यजीव व्यवस्थापनाचा डिजिटल फॉर्म

वन्यजीव व्यवस्थापनाचा डिजिटल फॉर्म : जंगलातले प्राणी, त्यांच्या खुणा, झाडोरा आणि माणसाचा वावर यांच्या नोंदी जागेवरच मोबाइलमध्ये भरण्यासाठी तयार केलेले प्रपत्र. या नोंदींवरून प्राण्यांचा विस्तार व घनता काढतात आणि त्या आधारे संरक्षित क्षेत्राचा आराखडा आखतात. भारतातले याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एम-स्ट्राइप्स. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी ही प्रणाली २०१० मध्ये आणली. गस्त, परिसंस्थेचे सर्वेक्षण आणि मानव-वन्यजीव संघर्ष असे तिचे विभाग आहेत.

अशा फॉर्मची निकड पगमार्क, म्हणजे पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याच्या जुन्या पद्धतीच्या अनुभवातून निर्माण झाली. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी रुळवलेल्या पद्धतीत वाघाच्या पंजाचा ठसा काचेवर उतरवून घेत आणि ठशांवरून वाघ वेगळे ओळखत. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. पण ठसा मातीच्या पोतानुसार बदलतो, उतरवणाऱ्याच्या हातानुसारही बदलतो, आणि आकडा कितपत चुकला असेल हे सांगायची सोय या पद्धतीत नव्हती. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा सरकारी कागदांवर तिथे वाघ नांदत होते. त्यानंतर पद्धतच बदलली. २००६ च्या अंदाजात १,४११ वाघ निघाले. हा आकडा आधीच्या गणनांशेजारी ठेवून ‘इतके वाघ घटले’ असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही, कारण दोन्हीकडची मोजपट्टीच वेगळी आहे.

दर चार वर्षांनी होणाऱ्या या अंदाजाचा पहिला टप्पा नियतक्षेत्र (बोलीत बीट), म्हणजे वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा तुकडा, हा घटक धरून चालतो. वनरक्षक आणि वनमजूर आधी मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत पायवाटा, नाले, जंगलरस्ते पालथे घालतात. एका बीटमध्ये अशी किमान १५ किलोमीटर चाल अपेक्षित असते. पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, उकरलेली जमीन असे काही सापडले की तिथेच नोंद व फोटो. अक्षांश-रेखांश आणि वेळ फोन स्वतः घेतो. मग किमान दोन किलोमीटरची सरळ रेषा, म्हणजे ट्रान्झेक्ट, लागोपाठच्या सकाळी चालायची. चितळ-सांबर दिसले की प्रजाती, कळपातली संख्या, पिल्ले, होकायंत्रावरची दिशा आणि अंतर भरायचे. याच रेषेवर दर ४०० मीटरला थांबून झाडे, झुडपे, गवत, लेंड्या, तोड, चराई यांची नोंद होते.

फॉर्म बनवणाऱ्याची परीक्षा इथेच असते. कळप बिथरून पळाला तर अंतर कुठपर्यंतचे घ्यायचे? तो प्रथम दिसला त्या जागेपर्यंतचे. ही सूचना प्रश्नाखालीच एका ओळीत हवी, प्रशिक्षणातल्या पुस्तिकेत नव्हे. अंतर नजरेने लिहिले की १०, २०, ५० असे गोल आकडे साचतात आणि घनतेचे गणित बिघडते, म्हणून रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारे उपकरण, वापरायचे. प्रजातींची यादी निवडीची ठेवावी, टंकायची नव्हे. त्यातही विदर्भातला माणूस नीलगाईला रोही म्हणतो आणि भेकर व चौशिंगा यांत घाईत गल्लत होते, तेव्हा नावाशेजारी चित्र असलेले बरे. चित्रांवर चालणारा फॉर्म शक्य आहे हे दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांच्या सायबरट्रॅकरने आधीच दाखवले होते. अक्षरओळख नसलेले पण माग काढण्यात तरबेज लोक तो वापरू शकत होते.

सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद म्हणजे शून्य. कागदावरचा रिकामा रकाना काहीच सांगत नाही : प्राणी दिसला नाही, की त्या दिवशी कोणी फिरकलेच नाही? डिजिटल फॉर्ममध्ये चाललेला मार्ग आपोआप उमटतो. म्हणून ‘पाच किलोमीटर चाललो, खूण नाही’ हीसुद्धा भरभक्कम माहिती ठरते, आणि प्राण्याचा वावर कुठवर आहे याचे सांख्यिकी गणित तिच्यावरच उभे राहते. काहीच न सापडलेली फेरी जो फॉर्म सहज जतन करू देत नाही, तो कितीही देखणा असला तरी बिनकामाचा.

२०१८ च्या फेरीत एम-स्ट्राइप्सच्या अॅपवर मोठी भिस्त होती. त्या वर्षी देशभरात ५,२२,९९६ किलोमीटर पायपीट झाली आणि ३,१७,९५८ ठिकाणी झाडोरा व लेंड्यांच्या नोंदी झाल्या. शिवाय २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि गिनीज बुकने याची दखल घेतली. वाघांचा अंदाज २,९६७ आला. त्यांपैकी महाराष्ट्रात ३१२. २०२२ मध्ये महाराष्ट्राचा आकडा ४४४ झाला.

अडचणी मात्र साध्यासुध्या असतात. झाडांच्या दाट छताखाली आणि खोल दरीत जीपीएस भरकटतो, बॅटरी उतरते, रेंज नसते. त्यामुळे फॉर्म ऑफलाइन भरता येणे आणि कॅम्पवर परतल्यावर माहिती चढवता येणे ही प्राथमिक अट आहे. दुसरी अडचण माणसांची : गस्तीचे किलोमीटर हाच हजेरीचा निकष झाला की सोप्या वाटा पुन्हा पुन्हा तुडवल्या जातात आणि अवघड कोपरे नकाशावर कोरे राहतात.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणारी पाणवठ्यावरची गणना महाराष्ट्रात लोकप्रिय आहे. पण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर मोजला जाऊ शकतो आणि पाण्यावर न आलेले किती हे कळत नाही. त्यामुळे तिला आता निसर्गानुभव म्हणणेच योग्य.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००६ साली घातलेल्या कलम ३८-व्ही नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन आराखडा करावा लागतो. फॉर्ममधल्या नोंदी तिथे नकाशाच्या थरांसारख्या एकमेकींवर ठेवल्या जातात. पाळीव गुरांचे शेण जास्त आणि चितळांच्या लेंड्या कमी असलेला पट्टा चराईच्या नियोजनात येतो. तोडीच्या खुणा दाट आणि गस्त विरळ असेल तिथे संरक्षण कुटी, म्हणजे वनरक्षकांच्या मुक्कामाची चौकी, मागता येते. गुरांचे शेण आणि रानप्राण्यांच्या लेंड्या एकाच रकान्यात टाकणारा फॉर्म असेल, तर चराईचा निर्णय घेताच येणार नाही.